गल्लीतली फळी

सिंगापुरात ईस्ट कोस्टच्या बागेत आमचा मराठी कंपू रविवारी जमतो. डबे उघडले की कुणीतरी नुकतंच जपान फिरून आलेलं असतं आणि "काय नम्र लोक हो!" सुरू होतं. माझी लेक लगेच माझ्याकडे बघते. "आई, डोन्ट स्टार्ट लाह." पण मी सुरू होतेच. आठ दिवसांत देवळं आणि बुलेट ट्रेन उरकून आलेल्यांनी मला नम्रता शिकवू नये. मी त्या नम्रतेच्या शेजारी तीन वर्षं राहिले आहे.

सिंगापूरला येण्याआधी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही योकोहामात होतो. बंदर आणि उंच इमारती असलेलं योकोहामा नव्हे. शहराच्या कडेचा, नुसत्या घरांचा वॉर्ड. टेकडीच्या उतारावर दुमजली घरं, कापून सारखी केलेली कुंपणं, भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमच्या गल्लीत अकरा घरं होती. लेक सहा वर्षांची, तिथल्याच शाळेत जाणारी, बघता बघता माझ्यापेक्षा बरं जपानी बोलायला लागलेली.

त्या गल्लीत एक फळी फिरायची. फळीला चिमट्याने लावलेले कागद असत: पाणी कधी बंद, कचरा कुठल्या दिवशी, कुणाचं निधन. ते वाचायचं, यादीत आपल्या घरापुढे आडनावाचा शिक्का मारायचा आणि फळी पुढच्या घरी द्यायची. हे मला आज माहीत आहे. डावीकडच्या बाईंनी, निवृत्त शिक्षिका होत्या त्या, पहिल्यांदा दोन्ही हातांनी फळी माझ्या हाती दिली तेव्हा मला वाटलं, मला वाचायला दिली आहे. मी फोनवर भाषांतर केलं, गुरुवारी पाणी नाही म्हटल्यावर सवयीने घरातली सगळी भांडी भरून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी फळी त्यांनाच परत केली. कुणाची वस्तू रिकाम्या हाताने परत करायची नाही, म्हणून सोबत वाटीभर शिरा. बाई चार वेळा वाकल्या, फळी घेतली, शिरा घेतला.

त्यानंतर फळी आलीच नाही. मी भाबडी, मला वाटलं सूचना संपल्या असतील.

मग काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी लेकीने मला खिडकीपाशी बोलावलं. सगळी गल्ली रस्त्यावर होती. हातमोजे घालून, विळे घेऊन गटारं आणि कडेचं गवत साफ करणं चाललं होतं. तिच्या वर्गातली मैत्रीणसुद्धा आईबरोबर गवत उपटत होती. "आई, आपल्याला का नाही बोलावलं?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी घरातल्या कपड्यांतच खाली उतरले आणि शेजारच्या बाईंना विचारलं. माझं जपानी तोडकंमोडकं, म्हणून मधे लेक. बाईंनी आत जाऊन फळी आणली. यादीत आमच्या घरावर पट्टी धरून सरळ रेघ मारलेली होती. "त्या म्हणतात, आपल्याला त्रास होतोय असं वाटलं," लेक म्हणाली. "म्हणून त्याच फळी पुढच्या घरी नेतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, चुकलं तर सांगायचं ना!" मी चक्क मराठीत ओरडले, गल्लीभर ऐकू जाईल असं. पुण्यात एखादीने दारात येऊन खडसावलं असतं, "काय हो, फळी उलटी कशी आणलीत?" मी दोन दिवस धुमसले असते आणि तिसऱ्या दिवशी शहाणी झाले असते. इथे मला सरळ वाळीत टाकलं होतं, आणि तेही कमरेत वाकून. माझं सोडा, पण त्या पोरीने काय केलं होतं? आणि आता हातातलं काम टाकून सगळी गल्ली माझीच माफी मागत होती. भांडायचं म्हटलं तरी समोर कुणी उभं राहीना.

मग मीच एक विळा मागून घेतला. घामाघूम होईपर्यंत आम्ही मायलेकींनी गवत काढलं आणि पोती भरली.

पुढच्या आठवड्यात फळी आली. बाईंनी ती पुन्हा दोन्ही हातांनी दिली. मी लेकीला वाचायला बसवलं. ती बोट फिरवत वाचत होती, "रविवारी साफसफाईला आलेल्या दहाही घरांचे आभार." ती थांबली, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "पण आई, आपण गेलो होतो ना?"

मी पेन घेतलं. दहाचा आकडा खोडून वर अकरा लिहिलं. यादीत आमच्या घरावरची रेघ तशीच होती आणि आमच्याकडे शिक्काही नव्हता, म्हणून यादीच्या तळाशी ठसठशीत देवनागरीत आमचं आडनाव लिहिलं. मग फळी लेकीच्या हातात दिली आणि तिला घेऊन उजवीकडच्या घराची बेल वाजवली.