वांग्यांच्या बुडाशी बादली

आमचा फिश टँक धुवायला एक माणूस दर महिन्याला भंडाऱ्याच्या घरी येतो. टाकीतलं मळकं पाणी तो कधीच नालीत फेकत नाही. "खतच हाय हे," म्हणत अंगणातल्या वांग्यांना घालतो. त्याआधी मला विचारायचा, "पान्यात काही टाकलं नाही ना, ताई?" माझ्या शब्दावर बादली ओतायचा.

त्या दिवशी मी "नाही" म्हणाले, पण ते खोटं होतं. मासा मलूल दिसला म्हणून मी टाकीत तीन मुठी मीठ टाकलं होतं. त्यानं बजावलं होतं, "मला विचारल्याशिवाय काही टाकू नका." आता कबूल कसं करायचं?

तो फुलावर आलेल्या वांग्यांपाशी वाकला. बादली कलली. पाणी काठाशी आलं.

"थांबा! मीठ आहे त्यात!"

त्यानं बादली सरळ केली. रागावला नाही.

"आमचं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं, ताई. तवापासून पानी सोडाच्या आधी खाली कोन हाय, थे पायतो मी."

आता तो मला विचारत नाही. बादलीत बोट बुडवतो आणि जिभेला लावतो.