दोघींचा चष्मा

ये वं पोरी, अशी जवळ बस. कागदावरच का होईना, बस. फोनवर तू पाच मिनिटं बोलतेस आणि त्यातली दोन ‘मावशी, आवाज येतो का’ विचारण्यात जातात. आजी गेली तेव्हा तू दुसऱ्या दिवशी पोचलीस, चार दिवस राहिलीस, त्याला आता आठ महिने झाले. एवढं काय काम असते वं तुमच्या तिकडं? रागवत नाही. पण मला तुला एक सांगायचं आहे आणि ते फोनवर सांगवत नाही.

तू मला सक्करदऱ्याच्या घराशेजारची मावशी म्हणून ओळखतेस. शेजार नंतरचा. त्याआधी मी तुझ्या आजीच्या शाळेत झाडझूड करायची. त्या तिसरीच्या बाई. मी शाळेची पायरी शिकायला कधी चढलेच नव्हते, झाडायलाच चढले. संध्याकाळी फळे पुसायचं काम माझं. बाईंचं अक्षर असं गोल, टपोरं, की पुसायला हात उचलायचा नाही. मी एकेक अक्षर बघायची, पोरांनी दिवसभर घोकलेलं कानात असायचंच, ते त्याला जुळवायची आणि मग पुसायची. असं वर्षभर चाललं. कोणाला सांगितलं नाही.

बाईंना कळलं कसं, देव जाणे. एक दिवस फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक लिहिलेलं दिसलं. पाच-सात मिनिटं लागली मला लावायला. ‘तू जेवली का?’ एवढंच. मी खडूचा तुकडा उचलला आणि खाली लिहिलं, ‘हो’. जेवले नव्हते, पण ‘नाही’ लिहिता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातली अर्धी पोळी काढून ठेवली होती. म्हणाल्या, “खोटं लिवते काहून वं? अक्षर चांगलं हाये, पण खोटं लिवते.”

त्या दिवसापासून त्या निवृत्त होईपर्यंत तो कोपरा माझा होता.

पुढे त्यांनीच आम्हाला शेजारची खोली बघून दिली. तुझे आजोबा गेले, माझेही गेले, आणि आम्ही दोघीच उरलो. नाताळच्या करंज्या मी तळायच्या आणि दिवाळीच्या चकल्या त्यांनी मोडायच्या, असं आमचं होतं. मोडायच्या म्हणजे खरंच मोडायच्या, सोऱ्या काही त्यांच्या हाताला वळला नाही. रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आल्या की दारातूनच म्हणायच्या, “सलाम बाई, चहा ठेव.” मला बाई म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं.

आणि चष्मा. सदर बाजारातल्या दुकानात त्यांनी तो करून घेतला, वरच्या अर्ध्यातून लांबचं दिसायचं, खालच्यातून जवळचं. गंमत म्हणून मी लावून पाहिला, तर खालचं भिंग मला बरोब्बर. दुकानदार म्हणाला, तुम्हीही एक करून घ्या. बाई म्हणाल्या, “कायले? एका वेळी एकच जण वाचते.” मग रोज संध्याकाळी त्या शास्त्रातलं, म्हणजे त्यांच्या बायबलातलं, एक स्तोत्र काढायच्या, दोन ओळी वाचायच्या, चष्मा माझ्या हातात द्यायच्या. मी दोन ओळी वाचायची, चष्मा त्यांच्या हातात. बारा वर्षं. तुझा व्हिडिओवाला फोन आला की मात्र तो त्यांचाच. आधी चष्मा, मग केस, मग तू.

शेवटच्या दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. एक दुपार मी पाय चेपत होते, तेव्हा म्हणाल्या, “हे बघ, मले चष्मा लावूनच ठेवजो पेटीत.”

मी म्हटलं, “असं काय बोलता बाई?”

“तिकडं नातीचे आजोबा भेटतीन. बिनाचष्म्याची मी गेली, तर भलत्याच माणसाले सलाम करीन. ते मंग आयुष्यभर चिडवतीन.”

“तिकडं कोणतं आयुष्य आलं?” म्हटलं, तर खोकला येईपर्यंत हसल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, “विसरजो नको.”

मी म्हटलं, नाही विसरणार.

आणि नव्हते विसरले. त्या दिवशी सकाळी त्यांना तयार केलं तेव्हा मीच चष्मा पुसून लावला. अंगणात मंडळी जमली. पाळकसाहेब म्हणाले, बाईंची इच्छा होती की स्तोत्र तुम्ही वाचावं. आता मी वाचू कशानं? पेटीवर वाकले, त्यांच्या डोळ्यांवरून चष्मा अलगद काढला आणि लावला. दोन ओळी वाचल्या. दोन ओळींनंतर हात आपोआप थांबला, द्यायला. घेणारं कोणी नव्हतं. मग डोळे भरून आले ते पुसायला मी चष्मा वर सरकवला, कपाळाच्या वर, आणि प्रार्थना सुरू झाली म्हणून डोक्यावरून पदर घेतला.

पदराखाली तो कोणालाच दिसला नाही. मलाही नाही. पेटी बंद झाली, कबरस्तानात गेलो, मीही मूठभर माती टाकली. आमच्यात मातीवरून आलं की अंघोळ करतात, म्हणून घरी येऊन मोरीत गेले, पदर काढला, आणि चष्मा बादलीत पडला.

पोरी, मी तिथंच बसले.

आता तू म्हणशील, वर गेलेल्या माणसाला चष्मा कशाला? पाळकसाहेबही तेच म्हणाले. एकदाच सांगितलं मी त्यांना. म्हणाले, “मावशी, तिथं सगळं स्पष्ट दिसतं.” चांगला माणूस आहे. पण बाईंचा नंबर त्यांना माहीत नाही. मी रोज चहा एका कपाचा ठेवते आणि मनात येतं, बाई कुठंतरी दारात उभ्या आहेत, कोणीतरी समोरून येतं आहे, आणि त्यांना कळत नाही, सलाम करावा की नाही. त्यांनी उभ्या जन्मात माझ्याकडून दुसरं काही मागितलं नव्हतं.

तुझे बाबा परवा आले होते. माती आता बसली आहे, नाताळच्या आधी कबरीवर फरशी आणि दगड बसवायचा, मिस्त्रीला सांगितलं आहे म्हणाले. एकदा फरशी बसली की मग काही देता येणार नाही. म्हणून हे लिहिते आहे. चष्मा माझ्याजवळ आहे, हे लिहिते ते त्यानंच. कोणाला न विचारता मी तो नेऊन पुरला, तर चोरी केल्यासारखं वाटेल. त्यांच्या वस्तूवर हक्क तुझा. तू हो म्हण. हातभर माती उकरायची, डोळ्यांच्या बाजूला, रुमालात गुंडाळून ठेवायचा. मी माझ्यासाठी दुसरा करून घेईन सदरहून.

फक्त त्या दिवशी स्तोत्र तुला वाचावं लागेल. चष्मा खाली गेल्यावर मला दिसणार नाही.

फरशीच्या आधी ये. माझ्याच घरी उतर, चहा दोन कपांचा ठेवते. लवकर ये वं.