बिडाचा आकडा

दुसरं महायुद्ध संपून सहदेव कापड्याला परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. गावाने आपलं ठरवून टाकलं, की गोळी लागली. सहदेवनेही बरीच वर्षं तो समज मोडला नाही. खरं असं होतं, की आसामात एका तळावर लॉरीला ट्रेलर जोडताना ड्रायव्हरने गाडी अंमळ लवकर मागे घेतली आणि ट्रेलरची कडी व लॉरीचा आकडा यांच्यामध्ये त्याचा हात सापडला.

पोलादपुरात मुंबई-गोवा रस्त्याला लागून त्याने पत्र्याची शेड घातली. लॉऱ्यांचे पाटे बदल, ब्रेक बांध, असलं काम तो करी. हात चांगला होता, पण जीभ जड. कुठलीही गोष्ट तो एकदाच सांगायचा. समोरच्याने ऐकलं तर ठीक, नाही तर हत्यारं पिशवीत घालून चालू लागायचा. त्याची बायको आवडी म्हणायची, "माणसं काय तुझ्या पलटणीतली हायत, एका हुकमात ऐकायला?"

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात कापड्याच्या भागोजीतात्यांकडे पिकअप आली. तात्यांची नदीच्या दोन्ही अंगांना भातशेती. थोरला मुलगा मालोजी मुंबईत गोदीत होता. त्याने लष्करी लिलावातली पिकअप आणि तिच्यामागे लावायचा दोन चाकांचा ट्रेलर घेऊन दिला. गाव त्याला टेलर म्हणू लागलं. गाडी चालू होती, टेलरही धड होता. पण पिकअपच्या मागचा मूळचा आकडा लिलावाआधीच कुणीतरी काढून नेला होता. तेव्हा मालोजीने मुंबईहून नवा आकडा पाठवला. लालभडक रंगवलेला, चांगला वजनदार.

तात्यांनी सहदेवला बोलावून घेतलं. अंगणात गाडी उभी होती. सहदेवने आकडा हातात घेतला, पायरीच्या दगडावर ठेवला आणि हातोडीने हलकेच ठोकला. आवाज बद्द आला, मडक्यासारखा.

"तात्या, हा बिडाचा हाय. ओतीव."

"मग?"

"बीड वजन झेलील, हिसका नाय झेलणार. चढाला तुटंल. घडीव पोलादाचा पायजे."

तात्यांचा चेहरा उतरला. शेजारपाजारचे चार लोक बघत उभे होते. "माझ्या पोराने मुंबईच्या बाजारातून पारखून घेतलाय तो. पोलादपुरात तुला जास्त कळतं?"

"मी हा बसवणार नाय," सहदेव म्हणाला आणि पिशवी उचलून घरी आला.

आठ दिवसांत कळलं, की महाडच्या कुणा मिस्त्रीने तोच आकडा चार बोल्ट मारून पिकअपच्या मागच्या बंपरलाच ठोकून दिला. सहदेवने ऐकलं आणि हातातलं चाक फिरवीत राहिला. आपण सांगायचं ते सांगितलं, असं त्याला वाटलं. थोडं बरंही वाटलं, हे त्याने पुढे एकदा आवडीजवळ कबूल केलं.

पौषात तात्यांचं भात महाडच्या बाजाराला निघालं. गाडी तात्यांचा ड्रायव्हर पांडू चालवत होता. टेलरमध्ये पोती आणि पोत्यांवर तात्यांचा गडी सोनबा. कापड्याच्या पुढच्या मोरीजवळ रस्ता एकदम चढतो. तिथे पांडूने गिअर बदलला, गाडीला हिसका बसला आणि आकडा मानेतून तुटला. टेलर उलटा निघाला, रस्ता सोडून खालच्या खाचरात गेला आणि कलंडला. सोनबाने उडी टाकली, पण पोती त्याच्याच अंगावर आली. उजवा पाय मांडीत आणि गुडघ्याखाली असा दोन ठिकाणी मोडला. पांडूने त्याला त्याच पिकअपमध्ये घालून महाडच्या दवाखान्यात नेलं.

सोनबाला पायाला प्लास्टर घालून घरी आणल्याचं कळलं, तसा सहदेव त्याला बघायला गेला. सोनबा पडवीत पडून होता, डोळा लागला होता. त्याची बायको ठमाबाई चुलीपुढून उठून बाहेर आली. तिने पाणी दिलं. मग उभ्याउभ्याच विचारलं, "दादा, तुला ठाव होतं ना, आकडा तुटंल म्हणून?"

"होतं."

"मग बोलला का नाय?"

"बोललो की. तात्यांना सांगितलं होतं. माझं ऐकलं नाय त्यांनी."

ठमाबाईने सोनबाकडे बघितलं. "तात्या टेलरवर बसले नव्हते," ती म्हणाली.

तिने आवाज चढवला नव्हता. सोनबाची झोपडी त्याच्या रोजच्या वाटेवर होती. आकडा बसवल्याचं कळल्यापासून टेलर कलंडेपर्यंतच्या आठ-दहा दिवसांत निदान पाच वेळा तो सोनबाला भेटला होता. तंबाखूही मागून खाल्ली होती. टेलरवर बसू नको, एवढे चार शब्द त्याला सांगता आले असते. ते आपल्या डोक्यात आले कसे नाहीत, याचाच विचार करत तो घरी गेला. त्या दिवशी तो जेवला नाही.

दोन दिवसांनी तात्या स्वतः शेडवर आले. धोतराच्या सोग्यात आकड्याचा तुटका तुकडा बांधून आणला होता. तुटलेला भाग करडा आणि रवाळ होता, जुन्या गुळाच्या ढेपेसारखा. तात्यांनी तो बाकावर ठेवला.

"आता तू म्हणशील तसं," ते म्हणाले.

एरवी सहदेवला हे ऐकून समाधान झालं असतं. त्याने नुसती मान हलवली आणि कामाला लागला. लॉरीच्या मोडक्या आसाचा एक तुकडा त्याने जपून ठेवला होता. चांगू लोहाराच्या भट्टीवर दोघांनी मिळून तो तापवला आणि घणाखाली घडवून त्याचा आकडा केला. वर उघडझाप होणारी खीळ बसवली, म्हणजे कडी उसळून बाहेर यायला नको. तो बंपरला लावायचा प्रश्नच नव्हता. बंपर म्हणजे गाडीचं शेपूट; त्याला धरून कुणी ओझं ओढतं का? गाडीच्या चासीच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, दोन्ही दांड्यांमध्ये जाड पट्टी आडवी टाकून तिच्या मधोमध आकडा घ्यायचा, असं त्याने ठरवलं. भोकं हातड्रिलने पाडायची होती. सहदेव छातीचा जोर देऊन ड्रिल फिरवी आणि चांगू वरून तेल सोडी. चासीतली भोकं पाडायलाच दोन दिवस गेले.

त्याआधी त्याने आणखी एक गोष्ट केली, ती तात्यांना वेडेपणाची वाटली. गाडी आणि टेलर दोन्ही पोत्यांनी भरायला लावली, खळ्याच्या सपाट जमिनीवर उभी केली आणि दोरी ताणून उंची मोजली. रिकाम्या गाडीवर मोजलेली उंची भरल्यावर राहत नाही. टेलर मागे कलला तर त्याची दांडी आकड्याला वर उचलते, पुढे कलला तर गाडीचं मागचं अंग बसतं. मोजमाप धरून पट्टी चार बोटं खाली घेतली. शेवटी आकड्याच्या दोन अंगांना दोन साखळ्या टाकल्या. आकडा सुटला तरी टेलर पळू नये, यासाठी.

गाडी निघायच्या दिवशी सकाळी सहदेव तात्यांशी बोलायला गेलाच नाही. त्याने पांडूला आणि सोनबाच्या जागी आलेल्या मुरारीला गाडीमागे बोलावलं. तात्याही काठी टेकत आले.

"ही खीळ. ही रोज हाताने हलवून बघायची. ह्या साखळ्या, ह्यांना पीळ पडता कामा नये. हे नट. ढिला लागला तर गाडी हलवायची नाय, मग तात्या ओरडू देत नायतर देव." मग तो मुरारीकडे वळला. "आणि तू टेलरवर बसायचं नाय. पुढं गाडीत बस."

"गड्यांना काय सांगतोस रे? मला सांग," तात्या म्हणाले.

"तुम्हाला मागं सांगितलं होतं," सहदेव म्हणाला.



तो आकडा पुढे कधी तुटला नाही. मुरारी वर्षभर गाडीत बसला. नंतर गाडी भरलेली असली की टेलरवरही बसू लागला. सहदेव दिसेल तिथे त्याला खाली उतरवायचा. महाडच्या बाजारात परक्या गाड्यांच्या मागे वाकून बघायची सवयही सहदेवला लागली. मालकाला सोडून तो थेट हमालांशी बोलायचा. एकदा एका लॉरीवाल्याने त्याला ढकलून दिलं. लोक हसत. पण जीभ जड असलेला हा माणूस आता एकच गोष्ट चार-चारदा सांगू लागला होता, हे आवडीच्या ध्यानात आलं.

सोनबाचा पाय जुळला, पण आखूड राहिला. चिखलणी त्याला जमेना. तात्यांनी त्याला खळ्यावर राखणीला ठेवलं. ठमाबाई पोलादपूरला जाताना पिकअप मागून आली तर पांडू गाडी थांबवायचा. ती हातानेच 'जा' म्हणायची आणि रस्त्याच्या कडेने चालत राहायची.