मावशीचा गंभीर चेहरा

नांदेडपासून लातूरपर्यंत माझ्या बायकोच्या मामांइतका गंभीर माणूस दुसरा नाही, असं खुद्द मामांचं मत आहे. या मताला अजून अनुमोदन मिळालेलं नाही. उभा जन्म तमाशात सोंगाड्या म्हणून काढलेल्या, गवळणीत मिशीसकट नऊवारी नेसून मावशी झालेल्या माणसानं असं मत बाळगावं, हाच लोकांना त्यांचा सगळ्यात मोठा विनोद वाटतो.

मामा स्वतःला गायक समजतात. "मी मूळचा गाणारा. हसनं हा लोकांचा आजार हाय," असं ते म्हणतात आणि समोरचे लगेच आजारी पडतात. मुरुडच्या बाजारात त्यांनी वांग्यांचा भाव विचारला तरी माणसं पोट धरतात. वांगी मात्र कुणी स्वस्त देत नाही. कलेची कदर म्हणतात ती हीच असावी. अहमदपूरच्या एका डॉक्टरांना ते म्हणाले, "छातीत कळ येऊन राहिली," तर डॉक्टरांनी आधी मनसोक्त हसून घेतलं आणि मग डोळे पुसत नाडी धरली. मामा दवाखान्यात पडले, तेव्हा भेटायला येणारे करमणुकीला म्हणून लेकरंबाळंही घेऊन आले.

गेल्या वर्षी त्यांचे ढोलकीवाले वारले. दोघांनी सारी उमर एकाच फडात काढलेली. अर्धापूरला त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. गाडीत मामा मला म्हणाले, "जावईबापू, आज तरी कुनी हसू न्हाई. मला त्याच्यासाठी नीट बोलायचंय." मी मान डोलावली. माझ्या हातात तेवढंच होतं.

मामा उठले, माईक धरला, आणि मंडपात खसखस पिकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तर मागून आवाज आला, "वा मामा, लई भारी!" मामांनी भाषणाचा नाद सोडला आणि सरळ गवळण म्हणायला घेतली. माणसं आणखी खूश झाली.

ओळ संपली. मामा थांबले. तिथे ढोलकीची थाप यायची, तेवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली आणि मग पुढची ओळ घेतली. पुन्हा तेच. हळूहळू हसू विरलं. मंडपात नुसता पंख्याचा आवाज उरला. मामांचा आवाज खरंच गोड आहे, हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं.

पुढची ओळ संपली तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या ढोलकीवाल्यांच्या बायकोनं, मान खाली घालूनच, आपल्या मांडीवर थाप दिली.