हत्तीचा प्रश्न

बीपीची गोळी चुकून दुसऱ्यांदा घेऊन बाबा न्हाणीत पडले, तेव्हापासून ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी दर मंगळवारी एक नर्स येते. आम्ही तिला सिस्टर म्हणतो. नाव कोणी विचारलंच नाही. चपला दाराशी जोडून ठेवते, चहा नको म्हणते आणि मग बशीत ओतून पिते. "गोळी घेतली का?" असं मात्र बाबांना कधीच विचारत नाही. "कोणत्या रंगाची घेतली?" एवढंच.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "काहून असं?"

तिनं बाबांकडे वळून विचारलं, "काका, सकाळी हत्ती गिळला का?"

"हव," बाबा नम्रपणे म्हणाले. रायपुरात हो म्हणायचं, तर हव म्हणतात आणि सुटतात.

हा किस्सा मी आठवडाभर शंकर नगरातल्या ऑफिसात रंगवून सांगितला.

पुढच्या मंगळवारी तिनं मला सरळच विचारलं, "दादा, जेवणाआधीची शुगरची गोळी तुम्हीच देता न?"

"हव."

"कोणत्या रंगाची?"

मी गोळ्यांच्या डबीकडे पाहिलं. तिनं डबीवर हात ठेवला.

पडल्यापासून बाबा पहिल्यांदा हसले.

"सिस्टर, याले हत्तीचं विचारा."