नळीचा चढ

आमच्या डिचोलीच्या गॅरेजमध्ये फिटर पाच-सहा होते, पण मेस्त एकच. इंजिन उघडायचे की नाही हे मेस्त ठरवणार, बाकीच्यांनी पाने पुढे करायचे. जुना मेस्त डोळ्यांनी अधू होऊन घरी बसला तेव्हा ती जागा माझीच, असे मी धरून चाललो होतो. सात वर्षे मी खाणींच्या टिपरांखाली पाठ घासली होती. गावी पार्स्याला आईने तर शेजारणींना सांगूनही टाकले होते. आणि पावसाळा संपत आला असताना पात्रांवाने, म्हणजे आमच्या मालकाने, मुरगावहून एक माणूस आणून उभा केला.

तो सासष्टीचा, पन्नाशीतला. उभा जन्म बंदरात बोटींची इंजिने दुरुस्त करण्यात गेलेला. पात्रांवाने टिपरासाठी बाहेरून एक टर्बो किट मागवले होते. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर गरगरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो, आणि खनिजाने भरलेला टिपर खाणीतून धापा न टाकता वर येतो. आमच्या टिपरांना तो मुळात नव्हता. आपण बसवायचा होता. आम्ही ते यंत्र चित्रातही पाहिले नव्हते, आणि या माणसाने बोटींवर तसली कितीतरी खोलून जोडली होती. पात्रांव सगळ्यांसमोर म्हणाला, "हा पहिला टिपर धड चालला तर हाच आमचा मेस्त. नाही चालला, तर आपल्या वाटेने जाऊ दे."

बंदरातली नोकरी सोडून आलो, परत घेणार नाहीत, हे त्याने पहिल्याच दिवशी चहा पिताना आम्हाला सांगून टाकले. असला भोळेपणा दिसला की मला चेव यायचा.

गोवा घटक राज्य झाले ते वर्ष. कोंकणी राजभाषा झाली होती, आणि मराठीसाठी ज्यांनी मोर्चात घसा फोडला त्यांत मीही होतो. तो राग खरा होता, आजही मी तो नाकारत नाही. पण राग काढायला सरकार कुठे सापडते? हा सापडला. मी गॅरेजमध्ये नियम काढला, मराठीत बोलेल त्यालाच उत्तर. वास्तविक मी घरी आईशी जे बोलायचो ते पुस्तकातल्या मराठीपेक्षा याच्याच बोलण्याला जवळ होते. पण नियम होता तो फक्त त्याच्यापुरता.

तो म्हणायचा, "उदक दी मरे." आम्ही कोणीच मान वर करायचो नाही. तो जरा वेळ थांबायचा, मग आठवून आठवून म्हणायचा, "पाणी द्या." "हां, असं नीट सांगा की, मेस्त," मी म्हणायचो आणि 'मेस्त' असा लांबवायचो की बाकीचे खिदळायचे. तो चिडला असता तर आमची मजा गेली असती. तो शिकायला लागला. आठवड्याभरात 'फाल्यां'चे 'उद्या' केले, 'सकयल'चे 'खाली'. फक्त ढ त्याला येईना. चहाच्या वेळी आम्ही त्याला 'गाढव' म्हणायला लावायचो. तो "गाडव" म्हणायचा आणि आमच्याबरोबर स्वतःही हसायचा. सामानासाठी म्हापशाला गेला की येताना तो सगळ्यांसाठी ताजे उंडे आणायचा. ते पाव तोंडात असतानाच आम्ही त्याला हसत असू.

किट बसवायला घेतले तेव्हा मी टिपराखाली होतो आणि तो चाकाजवळ उकिडवा बसून सांगत होता. टर्बोला तेल वरून दाबाने मिळते, पण काम झालेले तेल परत चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटाखालच्या तेलाच्या भांड्यात, आपल्याच वजनाने उतरते. ते ओढून घ्यायला पंप नसतो. परतीच्या त्या नळीने वाटेत कुठेही डोके वर काढले, की तेल तिथे अडते, टर्बोत तुंबते आणि सील ओलांडून हवेबरोबर इंजिनात शिरते. हे सगळे त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले. शेवटी म्हणाला, "नळीला चड नको."

त्याला चढ म्हणायचे होते. कोंकणीत चड म्हणजे जास्त. पण त्याने नुसते सांगितले नव्हते. उजवा तळवा बोटे खाली झुकवून माझ्यासमोर धरला, आणि डाव्या हाताचे बोट मनगटापासून त्या बोटांच्या टोकापर्यंत घसरत नेले, तेलाचा थेंब उतरावा तसे. "चड नको," तो पुन्हा म्हणाला. मला समजले. त्यात न समजण्यासारखे काहीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी एक पॅकिंग कमी पडले म्हणून तो म्हापशाला गेला आणि परतीची नळी मी जोडायला घेतली. वाटेत इंजिनाचा ब्रॅकेट येत होता. नळी आखूड कापून त्याच्या मागून सरळ उतरवायला हवी होती. मी ती ब्रॅकेटवरून घेतली. बोटभर उंचवटा आला. मी तो पाहिला आणि क्लिप आवळली. थोडा धूर यावा, पात्रांवाने नाक मुरडावे, याला परत पाठवावे, एवढेच मला हवे होते.

संध्याकाळी तो उंड्यांची पिशवी घेऊन आला. पात्रांव पुढच्या कामाची घाई करत होता, त्यामुळे त्याने वरूनच विचारले, "नळीला चड नाही ना?"

"नाही," मी खालून म्हणालो. "चड नाही."

त्याच्या भाषेत ते खरेच होते. जास्त नव्हता, बोटभरच होता. त्याने विश्वास ठेवला आणि पॅकिंग बसवायला घेतले.

सकाळी पात्रांवासमोर इंजिन सुरू केले. दहा मिनिटे झकास चालले. मग निळा धूर निघाला. ड्रायव्हरने रेस दिली, आणि पाय काढला तरी आवाज उतरेना, चढतच गेला. इंजिन डिझेल सोडून स्वतःचेच तेल पीत सुटले होते. ड्रायव्हरने बंद करायची दांडी ओढली. काही उपयोग झाला नाही. पात्रांव मागे पळाला. मेस्त पुढे झाला, टर्बोच्या तोंडावरचा हवेचा पाइप उपटला आणि ओरडला, "फळें हाड! फळें!"

तो आणायला सांगत होता ती फळी माझ्या पायाशी पडली होती. तिने तोंड झाकले असते तर हवा तुटून इंजिन मेले असते. मी हललो नाही. दोन आठवडे त्याची कोंकणी न ऐकण्याची सवय लागली होती, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. तसे नव्हते. मी ऐकले होते.

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तळवाच दाबून धरला. इंजिन आचका देऊन थांबले. पंख्याने उजव्या हाताची दोन बोटे पहिल्या पेरापासून नेली होती.

त्याला इस्पितळात पोचवून आल्यावर पात्रांवाने नळी पाहिली आणि मला विचारले. मी म्हणालो, "मेस्त म्हणाले चड नको. चड म्हणजे त्यांच्यात जास्त. मी टिपराखाली होतो, नुसता आवाज आला. जास्त दिला नाही, बोटभर दिला." कोणीतरी हसले. पात्रांव म्हणाला, "एक शब्द धड बोलता येत नाही आणि इंजिन उघडायला निघाला." खाणी सुरू झाल्या तेव्हा मला सगळे मेस्त म्हणू लागले होते.

तो महिन्याभराने आपली हत्यारांची पेटी न्यायला आला. हात बांधलेला होता. मी पात्रांवाला दिलेले कारण त्याच्या कानावर गेले होते. माझ्यासमोर उभा राहून, दम घेऊन म्हणाला, "चढ."

ढ अगदी स्वच्छ होता. इस्पितळात शेजारच्या खाटेवर डिचोलीचे एक शाळामास्तर होते, त्यांच्याकडून रोज घोकून घेतला, असे त्याने सांगितले. मग पाठ केलेले वाक्य म्हणाला, "माझी चूक झाली. तेव्हा मला हे बोलता आलं असतं, तर तुमच्या हातून तसं झालं नसतं."

"असू द्या, मेस्त," मी म्हणालो. "होतं कधी कधी." मी त्याला माफ केले.

त्याला बरे वाटलेले दिसले. पुढच्या टिपराला नळी कशी घ्यायची ते सांगून जावे, असे त्याच्या मनात आले. सवयीने त्याने उजवा हात पुढे केला. फडक्यात गुंडाळलेला तो गोळा नीट वळेना, तसा त्याने तो खाली घेतला.

"असं ना?" मी म्हणालो. बोटे झुकवून मी माझा तळवा धरला आणि डाव्या हाताचे बोट मनगटापासून टोकापर्यंत घसरत नेले.

तो माझ्या हाताकडे बघत राहिला, मग तोंडाकडे.

"तें तुवें पळयल्लें," तो हळूच म्हणाला. ते तू पाहिले होतेस.

डाव्या हाताने पेटी उचलून तो बराच वेळ तसाच थांबला, उत्तरासाठी. पण तो कोंकणीत बोलला होता. मी उत्तर दिले नाही.