निळ्या फाटकामागचं नाव

डोंगरातल्या अत-बाशी गावच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर मागायला आलेलं माणूस नाव सांगत नसे. "पुलाजवळचे आम्ही, दारात दोन सफरचंदाची झाडं," एवढं म्हटलं की खिडकीमागची सैरागुल उठायची आणि अख्ख्या घराचं दोरीनं बांधलेलं गाठोडं काढून आणायची. आजोबा, सून, पोरंबाळं, सगळ्यांचे कागद एकत्र. लेक लग्न होऊन गेली की तिचा केसपेपर सासरच्या गाठोड्यात जायचा. भाऊ भांडून वेगळे झाले तर सैरागुल महिनाभर वाट पाहायची, मगच गाठ सोडायची. "उगाच कशाला घाई? ईदला बोलतील परत," असं तिचं म्हणणं. बहुतेक वेळा बोलायचेही.

तीस वर्षं असं चाललं. मग दवाखान्यात कॉम्प्युटर येणार असं ठरलं आणि राजधानीतून, बिश्केकहून तिलेक आला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय कुठे दिसावं हे ठरवणं त्याचं काम. पण हा गडी आल्या आल्या शिकवायला बसला नाही. तीन आठवडे तिच्या शेजारी स्टूल टाकून नुसता बघत राहिला. एक दिवस त्यानं दोनशे माणसांच्या चिठ्ठ्या केल्या आणि थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "एजे, तुम्हाला वाटेल तशा लावा."

सैरागुलनं टेबलावर गल्ल्या मांडल्या, गल्ल्यांत घरं, घरांत माणसं. एक चिठ्ठी मात्र तिनं दोन बोटांनी उचलून हळूच निळ्या फाटकाच्या घरात ठेवली. ती तिच्या सासऱ्यांची होती.

"आणि मी मूर्ख, बाराखडी घेऊन आलो होतो," तिलेक म्हणाला.

"बाराखडीत कोणी राहतं का, पोरा? चहा घे."

त्या मांडणीवरून तिलेकनं पडदा तयार केला. त्यावर गावच्या गल्ल्या आणि फाटकं. फाटकावर बोट ठेवलं की आतली माणसं दिसत. सैरागुलला तो इतका आवडला की घरी जाऊन सासूला हातवारे करून सांगत बसली. दोघीच होत्या घरात. सैरागुलचा नवरा तिशीआधीच गेला होता. तेव्हा भाऊबंद म्हणाले होते, सुनेला माहेरी पाठवा. सासरे तिला माहेरी नव्हे, दवाखान्यात घेऊन गेले आणि या खिडकीत नोकरीला लावून आले. सख्ख्या बापानं केलं नसतं ते त्यांनी केलं. ती त्यांना अता म्हणायची, म्हणजे बाबा. नुकतेच ते वारले होते, चाळिसाव्या दिवसाचं जेवणही झालं होतं. पस्तीस वर्षांत सैरागुलनं त्यांचं नाव एकदाही तोंडून काढलं नव्हतं. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. इतर सुना हल्ली घेतात. सैरागुलला ते जमलं नसतं.

पडदा मंजूर करायला वरचे साहेब आले, सुयुनबेक ओमुरोविच. त्यांची शंका खोटी नव्हती. एका फाटकामागे चार माणसं असतात, चुकीचा केसपेपर गेला तर? म्हणून माणूस शोधायचा आणि त्याचं नाव मोठ्यानं वाचायचं, अशी चाचणी ठरली. जमलं तर पडदा राहील आणि गाठोडीही राहतील. नाही तर घरं फोडून सगळे कागद बाराखडीनं लागतील.

साहेबांनी यादीवर डोळे मिटून बोट ठेवलं. "हे घ्या. एकशे बारा नंबर."

सैरागुलनं यादी पाहिली. मग निळ्या फाटकावर बोट ठेवलं, आत सर्वांत वरच्या माणसावर ठेवलं. कागद उघडला. बोट नावाखालीच राहिलं.

"वाचा, एजे," साहेब म्हणाले.

तिलेकच्या लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, दुसरं नाव देऊ या. ते यांचे सासरे..."

"हा दवाखाना आहे, हे काही यांचं सासर नव्हे! खिडकीत बसून नाव घेता येत नसेल तर हे फाटकांचं चित्र काय घरी लावायचं?"

मागे उभ्या असलेल्या नर्स हसल्या. सैरागुलनं समोरच्या गाठोड्यांकडे पाहिलं. ती फुटलेली तिला बघवणार नव्हती. तिनं ओढणीचं टोक तोंडाशी नेलं, पुन्हा खाली घेतलं.

"जुमाकादिर," ती म्हणाली. एवढंच. खोलीत कोणालाच काही वाटलं नाही. तिला मात्र वाटलं, आपण त्या माणसाच्या छातीवर पाय देऊन उभ्या आहोत.

"शाबास!" साहेबांनी फाइल बंद केली. "उत्तम काम आहे. आता सोमवारी दुसरा प्रोग्रॅम बसवायला माणसं येतील. नाव आणि जन्मतारखेचा. तो गेल्या महिन्यातच मंजूर झालाय."

"मग आज हे कशासाठी?" तिलेक ओरडलाच.

"निवडीआधी चाचणी घेतली, असं कागदावर लागतं ना."

असे हे कागदी घोडे! आणि त्यांच्या टापांखाली काय सापडतं ते कुठल्याच फाइलीत लिहीत नाहीत. तिलेक तिची माफी मागत राहिला. ती नुसतं "जा बाळा, तुझी बस चुकेल" म्हणाली आणि घरी निघाली.

घरी सासू चुलीपाशी बसली होती. ऐंशीची म्हातारी, पण सुनेचं तोंड बघून तिला सगळं कळे. सैरागुलनं काही लपवलं नाही. "आई, मी आज अतांचं नाव घेतलं. चार लोकांत. आणि उपयोग काहीच झाला नाही. मला माफ करा."

म्हातारी चुलीकडे वळली. तिनं लाकूड आत सारलं.

"कसं वाटलं गं ऐकायला?"

"काय?"

"नाव. मी तरी कुठं घेतलंय साठ वर्षांत? त्यांना हाक मारणारे सगळे सोबती गेले. ते गेल्यावर या घरात ते नाव कोणीच बोललं नाही." म्हातारीनं शेजारची जागा हातानं झाडली. "पुन्हा घे. आता माझ्यापुढं घे."

सैरागुल तिच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि नाव घेतलं. हाक ऐकून कोणी आत येईल तशी म्हातारी दाराकडे बघू लागली.